खिडकी बदलावी की घरच?

२०२५च्या ऑक्टोबर महिन्यात एका सकाळी लॅपटॉप उघडला, तर पडद्यावर सूचना. विंडोज १०ची मुदत १४ ऑक्टोबरला संपते आहे, यापुढं सुरक्षेची डागडुजी मिळणार नाही, अशा अर्थाची. घरमालकानं भाडेकरूला धाडावी तशी ती नोटीस होती. भाषा गोड, अर्थ एकच. नव्या घरात, म्हणजे विंडोज ११मध्ये जायला माझी ना नव्हती. पण त्या दारावर माझा लॅपटॉपच अडला. तिथं सुरक्षेची एक विशिष्ट चिप लागते आणि बऱ्यापैकी नव्या पिढीचा प्रोसेसर लागतो. माझं यंत्र २०१५चं. म्हणजे चालतंय उत्तम, पण वयात बसत नाही.

नवा लॅपटॉप घ्यायचा तर चाळीस-पन्नास हजार रुपये. कवितेच्या मानधनातून ते उभे राहायला किती वर्षं लागतील, हा हिशेब मी केला नाही. वाढीव मुदतीची एक सोय होती, पण तीही एका वर्षाचीच. माझी मुलगी म्हणाली, "अब्बा, नवा कशाला घेताय? लिनक्स टाकूया. फुकट आहे, आणि या मशिनवर झकास चालेल."

"आणि माझ्या फायली?"

"फायली कुठं जातायत?"

मंडळी, फायली जातात. माझ्या एकदा गेल्या आहेत. म्हणून मी तिला म्हटलं, आठ दिवस थांब. मी मराठी घेऊन बीए झालेला माणूस. संगणकशास्त्राचं मला काही कळत नाही. पण घर बदलण्याआधी त्या वाड्याचा इतिहास विचारावा, एवढं व्यवहारज्ञान आहे. त्या आठ दिवसांत जे वाचलं, आठवलं, ते आज आपल्यापुढं ठेवतो.

ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे काय, हे मला एका दुकानदारानं फार पूर्वी समजावलं होतं. तो म्हणाला, "सर, कचेरीत साहेब कोण का असेना, काम हेडक्लार्क चालवतो. कागद कुठं ठेवायचा, कुणाला आत सोडायचं, प्रिंटरला कधी हाक मारायची, सगळं त्याच्या हातात. तो हेडक्लार्क म्हणजे विंडोज." ही व्याख्या मला अजून पुरते. प्रश्न इतकाच, की हा हेडक्लार्क आपल्या कचेरीत आला कुठून आणि त्याला नेमलं कुणी?

१९८० साली आयबीएम ही बलाढ्य अमेरिकन कंपनी घरगुती आकाराचा संगणक बाजारात आणायच्या घाईत होती. त्यासाठी ऑपरेटिंग सिस्टीम हवी म्हणून ती मायक्रोसॉफ्टकडे गेली. मायक्रोसॉफ्ट तेव्हा लहान होती आणि गंमत अशी, की तिच्याकडं असली सिस्टीम नव्हतीच. सिॲटलमधल्या एका छोट्या कंपनीत टिम पॅटरसन नावाच्या तरुणानं एक लिहिली होती. मायक्रोसॉफ्टनं आधी तिचा परवाना आणि मग सगळे हक्क मिळून सुमारे ७५ हजार डॉलरना घेतले, तिला नवं रूप दिलं आणि आयबीएमला पुरवली. ऑगस्ट १९८१मध्ये तो संगणक विक्रीला आला. सौद्यातली खरी मेख वेगळीच होती. हीच सिस्टीम इतर कंपन्यांनाही विकायचा हक्क मायक्रोसॉफ्टनं स्वतःकडं ठेवला. आयबीएमसारखी यंत्रं पुढं कित्येकांनी बनवली आणि प्रत्येक यंत्रात हेडक्लार्क मात्र एकाच घराण्यातला बसला. मला हे वाचताना आपल्याकडची वतनदारी आठवली. राजे बदलत, कुलकर्ण्याचं दप्तर तिथंच राही.

२४ ऑगस्ट १९९५ला विंडोज ९५ आलं. त्याच महिन्यात, १५ ऑगस्टला, आपल्याकडं सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झालं. आमच्या मिरज-सांगली भागात या दोन्ही गोष्टी पोचायला तीन-चार वर्षं लागली. मी १९९९ला पहिला संगणक घेतला. सुटे भाग जुळवून दुकानदारानं तयार करून दिलेला. त्यात विंडोज ९८ होतं. ते विकत घेतलेलं होतं का? नव्हतं. दुकानदारानं पैसे मागितले नाहीत, मी विचारलं नाही. त्या काळात गावोगावच्या संगणकांची हीच कथा होती, आणि आज आपण मोठ्या तोंडानं निवडीची चर्चा करतो तेव्हा हे कबूल केलेलं बरं. आपण विंडोज निवडलं नव्हतं. ते संगणकाबरोबर आलं, चहाबरोबर बशी येते तसं.

दुसरा प्रवाह याच काळात वेगळ्या वाटेनं वाहत होता. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेच्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन हा प्रोग्रॅमर होता. तिथल्या प्रिंटरमध्ये कागद अडकला, की ज्यांची छपाई थांबली त्यांना संगणकावर निरोप जावा, अशी सोय त्यानं आधीच्या यंत्रासाठी स्वतः लिहून केली होती. नवा प्रिंटर आला. त्याचा मूळ प्रोग्रॅम मात्र कंपनीनं दिला नाही. दुसऱ्या विद्यापीठातल्या एका माणसाकडं तो होता, पण त्यानं गुप्ततेच्या करारावर सही केलेली. त्यानं नकार दिला. अडकलेल्या कागदावरून माणूस किती पेटू शकतो पाहा. २७ सप्टेंबर १९८३ला स्टॉलमननं जाहीर केलं, की सगळ्यांना वाचता येईल, बदलता येईल, वाटता येईल अशी संपूर्ण ऑपरेटिंग सिस्टीम मी लिहिणार. तिचं नाव ग्नू. इंग्रजीत 'मुक्त' आणि 'फुकट' यांना एकच शब्द असल्यानं त्याला जन्मभर खुलासे करत बसावं लागलं. मराठीत तो घोळ नाही. आपल्याकडं फुकटला किंमत नसते आणि मुक्तला असते, हे शाळकरी पोरालाही कळतं.

ग्नूचे बरेच भाग तयार झाले, पण मधला गाभा होईना. तो हेलसिंकीच्या एका एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्यानं लिहिला. लिनस टोरवाल्ड्स. २५ ऑगस्ट १९९१ला त्यानं चर्चागटात कळवलं, की मी हौसेखातर एक सिस्टीम लिहितोय, फार मोठं काही नाही. आज जगातले सगळ्यात वेगवान पाचशे महासंगणक त्या गाभ्यावर चालतात आणि आपल्या हातातल्या अँड्रॉइड फोनच्या पोटातही तोच आहे. म्हणजे लिनक्सला बिचकणारे आपण बहुतेक सगळे ते खिशात घेऊनच फिरतो. त्या लिनक्सचं उबुंटू नावाचं सोपं रूप २००४ला आलं. ते बनवणारे लोक मागेल त्याला सीडी पोस्टानं फुकट पाठवत. माझ्याकडंही २००६मध्ये एक आली होती. परदेशी पाकीट म्हणून पोस्टमननं कौतुकानं हातात दिलं. मी ती सीडी कधी लावली नाही. तिच्यावर चहाचा कप ठेवत असे.

आता बदलाचा खरा मोठा प्रयोग सांगतो. तो जर्मनीतल्या म्युनिक शहराच्या पालिकेनं केला. २००३ साली पालिकेपुढं अगदी माझ्यासारखाच प्रसंग होता. त्यांच्या संगणकांवर विंडोज एनटी ४ होतं आणि त्याची मुदत संपत आली होती. फरक एवढाच, की माझं यंत्र एक, त्यांची चौदा हजारांच्या आसपास. मायक्रोसॉफ्टचे प्रमुख स्टीव्ह बामर स्कीइंगची सुट्टी अर्धवट टाकून महापौर ख्रिस्टियान ऊडं यांना भेटायला गेले. दर कमी करायची तयारी दाखवली. तरीही मे २००३मध्ये नगरसभेनं लिनक्सच्या बाजूनं कौल दिला. कारण केवळ पैशाचं नव्हतं. एकाच विक्रेत्याच्या वेळापत्रकावर शहराचा कारभार चालू नये, असं त्यांचं म्हणणं होतं.

प्रत्यक्ष बदल २००६ला सुरू झाला आणि २०१३पर्यंत चालला. निर्णयापासून दहा वर्षं! संगणकात नवी सिस्टीम टाकायला तास-दोन तास पुरतात. मग दशक कशात गेलं? तर फॉर्मात. प्रत्येक खात्याची पत्रं, दाखले, नमुने, त्यात पेरलेले छोटे छोटे प्रोग्रॅम. प्रत्येक खात्याचा वेगळा संगणक विभाग, प्रत्येकाची वेगळी पद्धत. हे सगळं आधी एका सूत्रात आणावं लागलं. पत्रांच्या नमुन्यांसाठी तर त्यांनी स्वतःचं एक साधन लिहिलं आणि ते जगाला खुलं केलं. शेवटी बहुसंख्य यंत्रं लिनक्सवर गेली. एक कोटी युरोंहून अधिक वाचले, असं पालिकेनं सांगितलं. ते आकडे मायक्रोसॉफ्टला मान्य नव्हते.

२०१४ला महापौर बदलले. डीटर रायटर आले. तक्रारींना तोंड फुटलं. मेल अडकतो, बाहेरून आलेली फाइल नीट उघडत नाही, मोबाइल जोडायला वेळ लागतो. लिनक्सच्या बाजूचे लोक सांगत राहिले, की यातल्या बऱ्याच गोष्टींचा लिनक्सशी संबंध नाही, त्या विस्कळीत कारभाराच्या आहेत. ऐकणार कोण? घरात नवी सून आली, की दूध नासलं तरी तिच्या पायगुणानं. याच सुमारास, २०१६ला, मायक्रोसॉफ्टचं जर्मनीतलं मुख्यालय म्युनिक शहरात आलं. त्यावरून कुजबुज झाली. संबंध होता असं सिद्ध झालेलं नाही, म्हणून मीही म्हणत नाही. नोव्हेंबर २०१७मध्ये नगरसभेनं परत विंडोजवर जायचं ठरवलं. त्याचा खर्च कोट्यवधी युरोंचा. आणि २०२०ला सत्तेवर आलेल्या नव्या आघाडीनं पुन्हा सांगितलं, की जमेल तिथं मुक्त सॉफ्टवेअरच वापरू.

ही कथा दोन्ही बाजूंचे वकील आपापल्या फायद्यासाठी सांगतात. एक म्हणतो, बघा, लिनक्स फसलं. दुसरा म्हणतो, बघा, राजकारणानं मारलं. मला तिच्यात तिसरंच दिसतं. म्युनिकचा वेळ यंत्रांनी खाल्ला नाही, कागदांनी खाल्ला. जुने कागद कुठल्या साच्यात अडकलेत, याचा हिशेब निघायलाच वर्षं गेली. २०२४ला त्याच देशातल्या श्लेस्विग-होल्स्टाइन राज्यानं सुमारे तीस हजार संगणकांसाठी हाच रस्ता धरला. तिथं त्यांनी आधी लिहिण्या-वाचण्याची साधनं बदलायला घेतली आणि सिस्टीमला मागून हात घालायचं ठरवलं. शहाणपण असंच एकाचं बघून दुसऱ्याला येतं.

आपल्या देशात केरळनं शाळांमध्ये हा बदल यशस्वी केला. २०००नंतरच्या दशकात तिथल्या सरकारी शाळा लिनक्सवर गेल्या आणि आजही आहेत. तिथं सोपं का गेलं? मुलांकडं जुन्या फायली नसतात.

माझ्याकडं आहेत. इथं मला माझं रडगाणं थोडं सांगावं लागेल.

संगणकावर मराठी लिहिण्याचा इतिहास फार कमी लोकांना माहीत आहे, आणि तो पुण्याशी जोडलेला आहे. १९८८ला पुण्यात सी-डॅक ही सरकारी संस्था स्थापन झाली. पहिला भारतीय महासंगणक परम तिनं १९९१ला केला, हे आपण ऐकलेलं असतं. पण भारतीय लिप्या संगणकावर आणायचं काम तिथं तितक्याच नेटानं झालं. भारतीय भाषांसाठी इस्की ही संकेतपद्धती ठरली. तिचं सुधारित रूप १९९१ला भारतीय मानक झालं. इन्स्क्रिप्ट हा सगळ्या भारतीय भाषांना चालणारा कळफलक त्याआधीच आखला गेला होता. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या. आणि १९९१च्याच ऑक्टोबरात युनिकोड ही जागतिक पद्धती आली. तिच्यात देवनागरीची मांडणी इस्कीवरूनच घेतली होती. म्हणजे पाहा, 'क' या अक्षराचा एकच जागतिक क्रमांक असावा, हे १९९१लाच ठरलेलं होतं.

पण डीटीपीच्या दुकानात हे पोचलं नाही. कारण साधं होतं. तेव्हाच्या विंडोजला जोडाक्षर जुळवता येत नसे. वेलांटी आधी दिसते पण उच्चारात नंतर येते, रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो, ही आपली कसरत तिला ठाऊकच नव्हती. ती सोय विंडोज २०००मध्ये प्रथम आली. तोवर पानं तर लावायची होती, लग्नपत्रिका छापायच्या होत्या. मग फॉन्ट बनवणाऱ्यांनी युक्ती केली. इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी अक्षरांचे तुकडे बसवले. काना एका जागी, अर्धा स दुसऱ्या, रफार तिसऱ्या. संगणकाला वाटायचं आपण इंग्रजी लिहितोय, आपल्याला दिसायचं मराठी. युक्ती नामी होती. तिनं मराठी छपाईचं एक युग चालवलं, याबद्दल मला कृतज्ञताच आहे. गोची एकच. प्रत्येक कंपनीची जागावाटणी वेगळी. एकाचा फॉन्ट काढून घेतला, की मागं उरतात डॉलरची चिन्हं, प्रश्नचिन्हं आणि टिंबं.

मी १९९९पासून अशाच एका फॉन्टमध्ये लिहीत होतो. त्या सॉफ्टवेअरबरोबर एक डोंगल मिळे. प्रिंटरच्या खोबणीत लावायची ती काड्यापेटीएवढी चावी. ती लावली तरच प्रोग्रॅम उघडे. कवितांचं एक पुस्तक निघालं, त्यामुळं त्या वाचल्या. पण २००१ ते २००३ या काळात मी माझ्या अब्बांच्या आठवणी उतरवून घेतल्या होत्या. ते एसटीत कंडक्टर होते. मिरज-पंढरपूर मार्गावर त्यांची हयात गेली. रोज मगरिबनंतर ते खाटेवर बसून सांगायचे, मी टाइप करायचो. आषाढीच्या जादा गाड्या, टपावरची बोचकी, तिकिटाच्या पेटीतली चिल्लर, सांगोल्याच्या स्टँडवर एका वारकऱ्यानं दिलेली अर्धी भाकरी. अडुसष्ट पानं झाली. २००४ला ते गेले.

त्याची एकच छापील प्रत होती. आम्ही तेव्हा सांगलीत नदीजवळ राहायचो. २००५च्या पुरात ती प्रत गेली. फायली सीडीवर होत्या म्हणून मी निर्धास्त होतो. काही वर्षांनी तो संगणक बंद पडला. नवा आला. त्याला ती प्रिंटरची खोबणच नव्हती. डोंगल हातात, लावायला जागा नाही. कंपनीला पत्र लिहिलं, तर नवी आवृत्ती विकत घ्या, असं उत्तर आलं. नव्या आवृत्तीत जुन्या फायली उघडतील का, याला उत्तर आलं नाही. सीडी लावली. फाइल उघडली. माझे अब्बा डॉलर आणि प्रश्नचिन्हांत बोलत होते.

तेव्हा मला आमच्या घरातली आणखी एक वस्तू आठवली. माझ्या आजोबांची वही. ती मोडीत आहे. जमिनीच्या वाट्याचे, उसनवारीचे तपशील असावेत. आजोबांची पिढी शाळेत मोडी शिकली. अब्बा बाळबोध शिकले, थोडी उर्दू शिकले, मोडी नाही. मी तर नाहीच. मोडी ही झरझर लिहायची लिपी. पण छपाईच्या युगात तिचं जमलं नाही. विल्यम कॅरेनं श्रीरामपूरला १८१०मध्ये मराठी कोश मोडी खिळ्यांत छापला होता, तरीही पुढं छापखान्यांनी बाळबोधच धरली. वाचायला स्वच्छ, शिकवायला सोपी, हिंदी-संस्कृतला जवळची. फायदे उघड होते. तोट्याची बाजू कुणी मांडली असती, तर काय मांडली असती? हेच, की नातवाला आजोबांची वही लागणार नाही. युनिकोडमध्ये मोडी २०१४ला आली. आमच्या वहीला त्यानं काही फरक पडलेला नाही. ती वाचणारा माणूस शोधावाच लागेल.

तर लिनक्स की विंडोज, हा प्रश्न माझ्यापुढं या दोन वस्त्यांमधून आला. म्हणून मुलीला मी विचारलं ते वेगाचं, विषाणूंचं नव्हतं. विचारलं, की उद्या लिनक्समध्ये लिहिलेलं परवा आणखी कुठं उघडेल का?

तिचं उत्तर सरळ होतं. युनिकोडमध्ये लिहिलंत तर कुठंही उघडेल. विंडोजवर, लिनक्सवर, फोनवर. म्हणजे खरा बदल सिस्टीमचा नव्हताच, लिपीच्या नोंदीचा होता आणि तो मी काही वर्षांपूर्वीच केला होता. इन्स्क्रिप्ट कळफलक दोन्हीकडं सारखा, त्यामुळं बोटांनाही काही नवं शिकायचं नव्हतं.

मग तोट्यांची यादी मी काढली, कारण मुलगी नुसते फायदेच सांगत होती. माझे प्रकाशक अजून पेजमेकरवर पानं लावतात. त्याची शेवटची आवृत्ती २००१ची, पण आपल्या छापखान्यांत ते अजून धडधाकट आहे. ते लिनक्सवर चालत नाही. काही संपादक अजून सांगतात, "सर, जुन्या फॉन्टमध्येच पाठवा." बिघाड झाला तर आमच्या गल्लीतला दुरुस्तीवाला विंडोजच जाणतो. त्याचं एकच औषध, फॉरमॅट मारणं, पण ते तरी तो करतो. लिनक्ससाठी मी मुलीवर अवलंबून, आणि ती उद्या नोकरीसाठी पुण्याला गेली की संपलं. हे शेवटचं कारण लहान नाही. वर्ड सोडून लिबरऑफिसवर गेलो, तर दुसऱ्यानं पाठवलेल्या फाइलीत समास, ओळी इकडच्या तिकडं होतात. कथेला चालतं. कवितेची ओळ कुठं तुटते, हा मात्र तपशील नसतो, ती कविताच असते.

जमेच्या बाजूला काही गोष्टी मला अनपेक्षित होत्या. विंडोजमधला जुना मंगल फॉन्ट हिंदीच्या वळणाचा. त्यातला 'ल' आणि 'श' मला कायम परगावचे वाटत आले. लिनक्सबरोबर मिळणारा लोहित फॉन्ट २००४च्या सुमाराचा, रेड हॅट कंपनीनं खुला केलेला, आणि त्याची मराठीसाठी वेगळी आवृत्तीही निघाली. 'वाऱ्या', 'दऱ्या' यांतला आडवा अर्धा र आणि 'ॲ' हे अक्षर, ही मराठीची खास गरज. 'ॲ'ला तर युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा २००८ला मिळाली. मुलीनं पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवून दाखवलं. लॅपटॉपला हात न लावता आधी असं राहून बघता येतं, ही पद्धत मला आवडली. मी पहिला शब्द लिहिला 'वाऱ्यावर'. तो नीट उमटला. प्रिंटर लागला. बँकेचं काम ब्राउझरमध्ये झालं. स्कॅनर दोन दिवस रुसून बसला होता, मग लागला.

आठव्या दिवशी मी हो म्हटलं. पण एका अटीवर. आधी अब्बांच्या फायली, मग सिस्टीम.

जुन्या फॉन्टचं युनिकोड करणारे प्रोग्रॅम आहेत. आमच्या फॉन्टला जुळणारा तिसऱ्या खेपेला सापडला. डॉलर आणि प्रश्नचिन्हं हलली आणि मराठी दिसू लागली. लगेच नीट नाही. 'वर्षा'चं 'वषार्' झालेलं, 'मिरज'चं 'िमरज'. जुन्या फॉन्टमध्ये रफार आणि वेलांटी डोळ्यांना दिसतात त्या क्रमानं लिहिलेली असत, युनिकोडला ती उच्चाराच्या क्रमानं लागतात. मधला प्रोग्रॅम काही ठिकाणी गोंधळतो. त्यामुळं मुलगी मोठ्यानं वाचते आणि मी दुरुस्त करतो. तिनं आजोबांना पाहिलेलं आहे, पण आठवत नाहीत. ते गेले तेव्हा ती तीन वर्षांची होती. त्यांच्या शिव्या वाचताना ती थांबते आणि माझ्याकडं बघते. मी म्हणतो, तसंच ठेव.

डिसेंबरात लॅपटॉपवर लिनक्स चढलं. विंडोज अगदी पुसलं नाही, एका कोपऱ्यात राहू दिलंय, पेजमेकरवाल्यांसाठी. ते इंटरनेटला जोडत नाही. अब्बांची गाडी सध्या एक्केचाळिसाव्या पानावर, कवठेमहांकाळच्या स्टँडवर उभी आहे. तिथं एका शब्दाच्या जागी नुसती चौकट उमटली आहे. मुलगी म्हणते 'घंटी' असेल, मी म्हणतो 'घागर'. पुढच्या वाक्यात पाणी सांडलंय, त्यामुळं सध्या माझं पारडं जड आहे.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)